तपकिरी जे

कावळा, टकाचोर यांच्या कॉर्व्हिडी कुळातला मोठा, लांब शेपटीचा पक्षी. शास्त्रीय नाव सायलोऱ्हायनस मोरिओ. १८२९ मध्ये वाग्लर या जर्मन शास्त्रज्ञाने त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. मेक्सिकोच्या आखाताकडील उतारापासून मध्य अमेरिकेतून पनामाच्या वायव्य भागापर्यंत तो आढळतो. मेक्सिकोत त्याला ‘पापान’ म्हणतात, कोस्टा रिकात ‘पियापिया’. हे दुसरे नाव म्हणजे त्याच्या हाकेची हुबेहूब नक्कल आहे.

‘जे’ (jay) जातीचे पक्षी म्हटले की निळा किंवा हिरवा रंग आठवतो. हा मात्र पाठीकडून धुरकट तपकिरी आणि पोटाकडे फिकट असतो. डोक्यावर तुराही नाही. लांबी सुमारे ४० सेंमी., वजन साधारण २०० ग्रॅम. उत्तरेकडच्या पक्ष्यांची शेपटी एकरंगी असते, तर दक्षिणेकडे शेपटीच्या पिसांची टोके पांढरी असतात. या फरकामुळे पूर्वी या दोन वेगळ्या जाती मानल्या जात. पण मधल्या पट्ट्यात दोन्ही प्रकारचे पक्षी एकाच थव्यात दिसतात, आणि आज ती एकच जाती समजली जाते.

त्याचा आवाज कर्कश, पण जवळून ऐकण्याजोगा. प्रत्येक हाकेला जोडून उचकीसारखा एक बारीक ‘टक्’ आवाज येतो, तो लांबून कानावर पडत नाही. छातीच्या वरच्या भागात, गळ्याच्या दुबेळक्यासारख्या हाडाजवळ, कातडीखाली हवेची एक लहान पिशवी असते. ती श्वसनाच्या वायुकोशाला जोडलेली असून ओरडताना फुगते. हा उचकीचा आवाज तिच्यामुळेच येतो. जंगलात माणूस किंवा शिकारी प्राणी शिरला, की एक पक्षी ओरडतो आणि क्षणात सारा थवा गोळा होऊन त्या आगंतुकाच्या मागे लागतो. त्यामुळे आसपासची इतर जनावरेही सावध होतात.

पिल्लू घरट्याबाहेर येते तेव्हा त्याची चोच, डोळ्याभोवतीचे कडे आणि पाय पिवळे असतात. वयाबरोबर हा पिवळा रंग हळूहळू काळा होत जातो, पण एकदम नाही: एकाच्या चोचीचे टोक आधी काळवंडते, दुसऱ्याच्या चोचीवर ठिपके पडतात. पूर्ण काळी चोच व्हायला काही वर्षे लागतात. तोवर प्रत्येकाची चोच वेगळी, एखाद्या ओळखपत्रासारखी. पक्षी-अभ्यासक अलेक्झांडर स्कच यांनी ग्वातेमालात घरटी निरखताना याच खुणांवरून एकेक पक्षी ओळखला. एकाच घरट्यातल्या पिल्लांना आईबापांखेरीज इतर पक्षीही चारा भरवतात, हे त्यांना त्यातून दिसले. १९३५ मध्ये त्यांनी घरट्यावरील मदतनिसांविषयी लेख लिहिला. पक्ष्यांमधील सामूहिक संगोपनाच्या अभ्यासाची सुरुवात म्हणून त्याचे मोल फार मोठे आहे, आणि त्याचा पाया पिवळ्या-काळ्या चोचींवर उभा आहे.

मदतनिसांत पिवळ्या चोचीची तरुण पाखरे बरीच असतात. अंडी मादीच उबवते. त्या काळात थव्यातले इतर पक्षी तिलाही भरवतात, आणि भूक लागली की ती घरट्यातूनच मोठ्याने ओरडून अन्न मागते. घरटे शत्रूपासून लपवण्याची धडपड करणाऱ्या पक्ष्यांत हे वागणे नवलाचे आहे. कोस्टा रिकातील मॉन्तेवेर्दे येथील अभ्यासात एका घरट्यात एकाहून अधिक माद्यांनी अंडी घातल्याचेही दिसून आले. घरटे काटक्यांचे, मोठे, बहुधा एकट्या उभ्या झाडावर. अंडी निळसर राखाडी, तपकिरी ठिपक्यांची. उबवण सुमारे १८ ते २० दिवसांची.

आहारात कीटक, सरडे, फळे, क्वचित दुसऱ्या पक्ष्यांची अंडी व पिल्ले. केळफुलातला मधुरसही तो आवडीने पितो.

हा उष्ण कटिबंधातील वनांचा पक्षी खरा, पण घनदाट अरण्याचा गाभा त्याला मानवत नाही. जंगलाची कड, नदीकाठची झाडी, कुरणात राहिलेली तुरळक झाडे, कॉफी आणि केळीच्या बागा या त्याच्या आवडत्या जागा. म्हणून जंगल तोडून कुरणे झाली तिथे इतर वनपक्षी हटले, पण हा उलट पसरला; मॉन्तेवेर्देच्या डोंगरात तो असाच वर चढला. उत्तरेच्या टोकाला, रिओ ग्रांदे नदी ओलांडून टेक्ससच्या दक्षिण काठावर, तो १९७० च्या दशकात दिसू लागला. तिथे मात्र त्याची संख्या कधीच फार वाढली नाही आणि पुढे तो पुन्हा दुर्मीळ झाला.