रंगावरून तापमान आणि खरं तापमान, गल्लत नको

गुहागरच्या किनाऱ्यावर परवा भाच्याला घेऊन बसलो होतो, सूर्य पाण्याला टेकत आला, लालबुंद, आणि हा विचारतो, "मामा, लाल तारे कमी गरम ना, मग सूर्य आता थंड झाला काय रे?" प्रश्न भारी होता. कारण नियम बरोबरच आहे, मृगातला काक्षी तारा (बीटलजूस) लाल आणि साधारण 3,500 केल्विन, राजन्य (रायजेल) निळसर आणि 12,000 च्या आसपास. पण सूर्य दुपारी 5,770 होता तो आत्ताही तेवढाच आहे, मधल्या हवेने निळा प्रकाश उधळून टाकला एवढंच. ताऱ्यांच्या वाटेतली धूळ पण हेच करते.

तर रंग-तापमान म्हणजे निळ्या फिल्टरमधून किती प्रकाश आला नि पिवळ्यातून किती, त्यावरून काढलेला आकडा. आणि ताऱ्याचं खरं, म्हणजे "परिणामी तापमान" (इफेक्टिव्ह टेम्परेचर), ते रंगाला विचारतच नाही, पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमधून सगळ्या तरंगलांबींची मिळून किती ऊर्जा निघते ते बघतं.

सूर्यासारख्या ताऱ्यात दोन्ही आकडे फार लांब नसतात, खरा लोचा गरम ताऱ्यांचा. 20,000 चा आणि 40,000 चा तारा डोळ्याला सारखेच निळसर पांढरे, कारण दोघांचा मुख्य माल अतिनीलमध्ये, आपल्या वाट्याला नुसती शेपटी. हर्णैच्या लिलावात टोपलीबाहेर आलेली शेपटी बघून सुरमई किती किलोची ते सांगा बघू!

आणि अतिनील मोजायचं तर साधारण 300 नॅनोमीटरच्या खालचं ओझोन जमिनीवर येऊच देत नाही. म्हणून 1968 मध्ये सोडलेल्या ओएओ-2 उपग्रहाने वरून अतिनील मोजलं, ऑस्ट्रेलियात नॅराब्रायला 32 ताऱ्यांचे कोनीय व्यास (म्हणजे इथून तारा किती रुंद दिसतो ते) मोजले गेले, आणि दोन्ही जोडून 1976 मध्ये त्यांची परिणामी तापमानं निघाली, यात ताऱ्याचं अंतर माहीत असायची पण गरज नाही, मला हे फार आवडतं. आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावर पण (2015) अतिनील दुर्बीण बसवली होती, 130 ते 300 नॅनोमीटरसाठी.

तरी अगस्त्याच्या डावीकडे वर दिसणारा नाओस तारा घ्या, 40,000 केल्विन, त्याचा प्रकाश सर्वात जास्त 72 नॅनोमीटरच्या आसपास असायला हवा, आणि 91 च्या खालचं बरंचसं वाटेतला हायड्रोजनच गिळतो, उपग्रह पाठवला तरी. तिथे मग वर्णपटातल्या आयनित (इलेक्ट्रॉन गमावलेल्या) हेलियमच्या रेषा बघतात, आणि त्या वाचायला मेघनाद साहांचं 1920 चं समीकरण लागतं, किती तापमानाला किती अणू आयनित होतात ते सांगणारं.