मेणबत्तीत बोगदा पडलाय की वात बुडतेय?

दिवाळीच्या आधी महिनाभर माझ्या फोनवर एकाच प्रकारचे फोटो येतात. काचेचा ग्लास, सोया वॅक्सच्या मधोमध खड्डा आणि खड्ड्याच्या तळाशी मुगाच्या दाण्याएवढी ज्योत. खाली प्रश्न: "ताई, वात जाड लावू का?" बऱ्याचदा उत्तर "नको" असतं आणि ते कुणाला आवडत नाही.

अडचण अशी की हा एकच फोटो दोन वेगळ्या दुखण्यांचा असू शकतो. एकात मेण पुरेसं वितळतच नाही. दुसऱ्यात मेण छान वितळतं, पण वात ते पीत नाही. पहिल्याला बोगदा म्हणू, दुसऱ्याला वात बुडणं.

देवघरात दोन्ही पाहिलेलं असतं. थंडीत निरांजनातलं तूप थिजलं की फुलवातीभोवती तेवढं वितळतं आणि कडेचं पांढरं जसंच्या तसं राहतं. हा बोगदा. समईत तेल काठोकाठ घातलं आणि वात सारायची राहिली, की ज्योत बारीक होत चरचरत विझते. हे बुडणं. समईत बोगदा कधी पडत नाही, कारण तेल मुळात पातळच. सोया वॅक्स म्हणजे सोयाबीनच्या तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून घट्ट केलेलं मेण, डालड्याचा चुलतभाऊच. ग्लासात ओतायचे प्रकार साधारण 45 ते 50 अंशांना वितळतात. म्हणजे त्याच्यात निरांजनाचा दोषही येतो आणि समईचाही.

म्हणून फोटोत ज्योत दाखवू नका, मेण दाखवा. मेणबत्ती पेटवून ग्लासाच्या व्यासाच्या दर अडीच सेंटिमीटरला एक तास द्या. साडेसात सेंटिमीटरचा ग्लास असेल तर तीन तास. मग वितळलेल्या मेणाचं तळं किती रुंद आहे ते बघा, आणि काडेपेटीची न पेटलेली काडी कडेला बुडवून खोली मोजा. तळं रुपयाच्या नाण्याहून थोडंसंच मोठं आणि भोवती कोरड्या पांढऱ्या भिंती असतील, तर बोगदा. तळं काचेपर्यंत पोचलंय, काडी सेंटिमीटरभर किंवा जास्त भिजतेय आणि तरीही ज्योत मलूल, तर वात बुडतेय.

बोगद्याचं कारण बहुतेक वेळा वात बारीक असणं हेच. जाड वातीचा सल्ला इथे लागू पडतो. दुसरं कारण म्हणजे पहिल्यांदा पेटवून अर्ध्या तासात फुंकर मारणं. पाहुणे गेले, विझवली. पुढच्या वेळी ज्योत त्याच खड्ड्यात बसते आणि खोल जाते. शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेने 1860च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांना हे समजावलं होतं: ज्योतीकडे खालून वर चढणारी हवा मेणबत्तीची कड थंड ठेवते, म्हणून वर वाटी तयार होते आणि वितळलेलं मेण सांडत नाही. सुट्या उभ्या मेणबत्तीत हाच गुण. ग्लासात त्याच वाटीचा बोगदा होतो.

पण घाई नको. सोया वॅक्समध्ये पहिल्या एक-दोन वेळी कडेला पातळ थर राहिला तर राहू द्या. ज्योत खाली उतरते तशी काच तापते आणि तो थर आपोआप वितळतो. पहिल्याच तासात तळं काचेला भिडावं म्हणून जाड वात लावली, तर तीच मेणबत्ती निम्म्यावर आल्यावर काजळी धरते, वातीला काळं बोंड येतं आणि ग्लास हातात धरवत नाही.

माझी स्वतःची एक फजिती. पहिली ऑर्डर ओतली आणि दुसऱ्या दिवशी एक जाळून पाहिली. झकास. बाकीच्या दोन आठवड्यांनी गेल्या आणि सगळ्यांत बोगदे. सोया वॅक्स गोठल्यावरही बरेच दिवस घट्ट होत राहतं, दुसऱ्या दिवशीची परीक्षा खोटी. आता मी किमान दहा-बारा दिवस थांबते.

बुडणाऱ्या वातीची कारणं जास्त, आणि तीच मला जास्त मजेशीर वाटतात. सगळ्यात साधं: वात फार आखूड कापली. सहा मिलिमीटर ठेवा म्हटलं की काहीजणी मेणालगत कापतात. दुसरं, वात चोंदली. जळते ती वात नव्हे, वातीतून वर चढलेलं मेण. तो रस्ता अडला की संपलं. वितळलेलं सोया मेण नेहमीच्या मेणबत्तीतल्या पॅराफिनपेक्षा दाट, मुळातच हळू चढतं. त्यात रंगासाठी मेणखडू किसून घातले, किंवा "नैसर्गिक" म्हणून हळद घातली, की रंगाचे कण वातीच्या धाग्यांत जाऊन बसतात. हळदीची मेणबत्ती दिसते सुंदर आणि विझते अर्ध्या तासात. मेणात विरघळणारा मेणबत्तीचाच रंग घ्या. सुगंधी तेलाचंही तसंच: शंभर ग्रॅम मेणाला सहा ते आठ ग्रॅम पुरे, वास येत नाही म्हणून पंधरा ओतलं तर ते वातीतच अडकतं.

आखूड की चोंदलेली, हे ओळखायची सोपी युक्ती आहे. मेणबत्ती विझवा, चमचाभर पातळ मेण काढून जुन्या वाटीत ठेवा (बेसिनमध्ये नको, पाइपात गोठेल). वातीचं टोक सहा मिलिमीटर उघडं झालं की पुन्हा पेटवा. ज्योत उभी राहिली आणि टिकली, तर वात फक्त आखूड होती. पाऊण तासात पुन्हा मान टाकली, तर चोंदली आहे. मग या मेणबत्तीसाठी काही करता येत नाही, पुढच्या घाण्यात रंग आणि वास कमी करा. इथे नुसती जाड वात लावली तर ज्योत सुरुवातीला दांडगी दिसते, काजळी सोडते आणि शेवटी तीही चोंदते.

आता सगळ्यात फसवा प्रकार. बोगदा तीन-चार वेळा जळला की वरच्या भिंती मऊ होऊन आत ढासळतात, खड्डा भरतो आणि वात बुडते. फोटो नेमका या वेळी येतो. त्यामुळे मी विचारते, "पहिल्या दिवशी किती वेळ जळली?" उत्तर "पूजेपुरती" आलं, तर दुखणं बोगद्याचं, बुडणं नंतरचं. अशा वेळी आधी चमचाभर मेण काढून वात मोकळी करायची. मग ग्लासाच्या तोंडावर अॅल्युमिनियम फॉइल बसवून मधे तीन बोटं जाईल एवढं भोक ठेवायचं आणि समोर बसून जळू द्यायचं. उष्णता आत कोंडते, भिंती तासा-दीड तासात खाली येतात. फॉइल काढताना कपडा घ्या, कड चांगलीच तापलेली असते.