लुई आरागाँ : पार्टीची तळी उचलणारा कवी

२०२४ मध्ये मिसाक मानुशियानला पॅरिसच्या पाँथेऑनमध्ये (फ्रान्सच्या थोर लोकांचं स्मारक) जागा मिळाली तेव्हा फ्रेंच कवी आरागाँचं नाव परत चर्चेत आलं, कारण नाझींनी १९४४ ला गोळ्या घातलेल्या या आर्मेनियन कम्युनिस्टाचं बायकोला लिहिलेलं शेवटचं पत्र आरागाँने १९५५ मध्ये कवितेत आणलं, पुढे गायक लिओ फेरेने चाल लावली आणि ते लोकांच्या तोंडी बसलं.

आरागाँचा जन्म १८९७ चा, आणि घरातच भानगड. बाप लुई आंद्रिय पॅरिसचा माजी पोलीसप्रमुख, लग्न झालेला, म्हणून पोराला आई ही मोठी बहीण आणि बाप हा गॉडफादर असं सांगून वाढवलं, खरं काय ते पहिल्या महायुद्धात फ्रंटवर निघताना कळलं. मेडिकलला असताना आंद्रे ब्रेताँ (पुढे सररियलिझमचा म्होरक्या झालेला कवी) भेटला, मग डाडाइझम, सररियलिझम वगैरे, म्हणजे तर्क आणि जुने संकेत झुगारणाऱ्या कलाचळवळी.

१९२७ ला फ्रेंच कम्युनिस्ट पार्टीत गेला, पुढच्या वर्षी लेखिका एल्सा त्रिओले भेटली, पुढे याची बायको (रशियन कवी मायाकोव्हस्कीची प्रेयसी लिली ब्रिक हिची बहीण), आणि १९३१ ला याची एक कविता आली ज्यात पोलिसांना उडवा असं सरळ लिहिलंय, म्हणजे बापाच्याच खात्यावर! केस झाली. ब्रेताँने याच्यासाठी सह्या गोळा केल्या, भांडला, आणि याने पार्टीची बाजू घेऊन त्यालाच तोंडघशी पाडलं. दोस्ती संपली ती संपलीच.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या नाकावर टिच्चून लिहिलं, जुनी वृत्तं आणि यमकं वापरून, वरवर प्रेमकविता आणि आत फ्रान्स. माझ्या मते त्याचं बेस्ट काम हेच.

आणि मग १९५३. स्टॅलिन गेला, आरागाँने आपल्या 'ले लेत्र फ्राँसेझ' साप्ताहिकासाठी पिकासोकडून चित्र मागवलं, पिकासोने जाड मिशांचा तरुण स्टॅलिन काढून दिला. झालं, पार्टीवाले भडकले, हा आमचा नेता नव्हेच! पार्टीने जाहीर निषेध केला आणि तो निषेध, वर वाचकांची चिडलेली पत्रं, सगळं आरागाँला स्वतःच्याच पेपरात छापावं लागलं. तरी गडी पार्टीतच.

घरचा आहेर दिला तो १९६८ ला, चेकोस्लोव्हाकियाच्या प्रागमध्ये सोव्हिएत रणगाडे घुसल्यावर. उघड विरोध केला, चेक लेखक मिलान कुंदेराच्या कादंबरीला प्रस्तावना लिहिली. मग सोव्हिएत गटातल्या देशांनी साप्ताहिकाची वर्गणी बंद केली आणि १९७२ ला ते बुडालं. एवढं होऊनही आरागाँ १९८२ ला गेला तो पार्टीचा मेंबर म्हणूनच.