बारीक अंगातला मधुमेह

मधुमेह हा बसून खाणाऱ्यांचा आजार, असा समज आपल्याकडे अजूनही घट्ट आहे. म्हणून दिवसभर शेतात राबणाऱ्या, अंगाने सडपातळ माणसाची शुगर वाढलेली निघाली की घरचे चक्रावतात. भारतात असे रुग्ण मुळीच दुर्मीळ नाहीत.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीनुसार सुमारे दहा कोटी भारतीयांना मधुमेह आहे आणि आणखी साडेतेरा कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. उच्च रक्तदाबाचे रुग्ण तर एकतीस कोटींहून जास्त. १९९० मध्ये देशातल्या मृत्यूंपैकी साधारण ३८ टक्के मधुमेह, हृदयविकार यांसारख्या असंसर्गजन्य आजारांमुळे होत असत; २०१६ मध्ये हे प्रमाण ६२ टक्क्यांच्या आसपास पोचलं. आयुर्मान वाढलं, हे त्यामागचं एक कारण, आणि ते चांगलंच आहे. पण तेवढ्याने सडपातळ शेतकऱ्याचा मधुमेह उलगडत नाही.

त्याचा एक महत्त्वाचा धागा पुण्याजवळच्या खेड्यांत सापडला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून तिथल्या स्त्रियांचा गरोदरपणाआधीपासून अभ्यास सुरू केला. त्यांच्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो भरलं. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं साडेतीन किलो होतं. आपली बाळं लहान असतात यात नवं काही नव्हतं. नवल पुढे होतं. या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. वजन कमी, पण त्या मानाने चरबी जास्त: ही ठेवण जन्मतःच दिसत होती.

गर्भाला पोषण अपुरं मिळालं की मेंदूला आधी वाचवलं जातं. स्नायू, स्वादुपिंड, मूत्रपिंडं यांच्या वाढीला कात्री लागते. जेवणानंतर रक्तातली साखर सर्वांत जास्त शोषून घेतात ते स्नायू, आणि इन्सुलिन बनवतं ते स्वादुपिंड. जन्मतःच हे दोन्ही तोकडे पडले तर पुढे वजन थोडं वाढलं तरी शरीराला ते झेपत नाही. मूत्रपिंडातल्या गाळण्या कमी असतील तर रक्तदाबाची वाटही मोकळी होते.

याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मापं छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, नेमका २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के! वजनकाट्याला हा फरक कळत नाही. म्हणूनच आपल्याकडे पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली, तर वजन बेताचं असलं तरी रक्त तपासून घ्यावं.

मला यात सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच वाटते. आपण कुपोषण एका खात्याकडे आणि मधुमेह दुसऱ्या खात्याकडे सोपवला, जणू एक गरिबांचा प्रश्न आणि दुसरा सुखवस्तूंचा. प्रत्यक्षात आईच्या पोटात उपाशी राहिलेलं बाळच मोठेपणी मधुमेहाच्या गोळ्या घेतं. सरकारी तपासणी मोहीम वयाच्या तिशीपासून सुरू होते. ती हवीच, पण तोवर बराच उशीर झालेला असतो.

पुण्याच्या गटाने हा धागा पुढे नेला आहे. अभ्यासातल्या त्या बाळांपैकी अनेक जण तरुण झाल्यावर त्यांना बी-१२ जीवनसत्त्व आणि इतर सूक्ष्म पोषकद्रव्यं देण्यात आली, तीही गर्भधारणेच्या आधीपासून. कारण गर्भाचे अवयव पहिल्या काही आठवड्यांतच आकार घेऊ लागतात आणि गरोदरपणाची नोंद होईपर्यंत त्यातला मोठा काळ उलटून गेलेला असतो.