तापाचे पहिले चोवीस तास

"थंडी वाजली नाही, म्हणजे मलेरिया नाही." हा समज खेड्यांत पक्का आहे, शहरांतही आहे. पाच वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत तो जिवावर बेततो, कारण लहान मुलाला हुडहुडी भरेलच असं नाही. ते नुसतं तापतं, पीत नाही, ओकतं, मलूल पडून राहतं.

हे सगळ्यात आधी लक्षात येतं आईच्या. इथियोपियाच्या तिग्राई भागात गावातल्याच काही आयांना प्रशिक्षण देण्यात आलं. त्यांनी शेजारणींना ताप ओळखायला आणि लगेच क्लोरोक्विन हे मलेरियावरचं तेव्हाचं औषध द्यायला शिकवलं. 2000 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: अशा वस्त्यांत पाच वर्षांखालचे मृत्यू इतर वस्त्यांपेक्षा 40 टक्क्यांनी कमी होते. औषध जुनंच होतं, ते वेळेवर पोटात गेलं.

वेळेला एवढी किंमत का, हे कळायला मलेरियाचा फाल्सिपेरम हा परजीवी बघावा लागतो. तो तांबड्या पेशीत शिरतो, आतलं हिमोग्लोबिन खातो आणि साधारण 48 तासांनी पेशी फोडून एकाचे दहा-वीस होऊन बाहेर पडतो. पहिले वीसेक तास ती पेशी रक्तात फिरत असते. मग तिच्या पृष्ठभागावर बारीक गाठी उगवतात. त्यांवर परजीवीनेच बनवलेलं एक चिकट प्रथिन असतं, त्यामुळे पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटून बसते. खराब पेशी गाळून काढणाऱ्या प्लीहेपर्यंत ती पोचतच नाही. या प्रथिनाची सुमारे साठ जनुकं परजीवीजवळ असतात. एका वेळी एकच चालू राहतं, आणि शरीराने त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली की काही परजीवी दुसरं चालू करून निसटतात. चिकटलेल्या पेशी मेंदूत साचल्या, की मुलाला झटके येतात, शुद्ध हरपते.

अशा झटक्यांना 'बाहेरची बाधा' म्हणून अंगारा लावण्यात रात्र जाते, आणि तीच रात्र परजीवीला हवी असते. पपईच्या पानांचा रस सुचवणारे मोबाइलवरचे संदेशही तेच नुकसान करतात.

महाराष्ट्रात मलेरियाचा मोठा भार गडचिरोलीवर आहे. तिथे आयांना "गटारं साफ ठेवा" एवढंच सांगून भागत नाही, कारण मलेरियाचे तिथले डास ओढ्याच्या आणि भातखाचरांच्या स्वच्छ पाण्यात वाढतात. सांगायचं ते असं: ताप आला की त्याच दिवशी आशाताईकडे जायचं. ती बोटाला टोचून पट्टीवर रक्ताचा थेंब घेते, पंधरा-वीस मिनिटांत पट्टीवरच्या रेघांवरून मलेरिया आहे की नाही ते कळतं. फाल्सिपेरम निघाला तर तीन दिवसांच्या गोळ्या सुरू होतात. दुसऱ्या दिवशी मूल खेळायला लागलं, तरी तिसऱ्या दिवशीची गोळी द्यायचीच. हे डास बहुतेक रात्री चावतात, म्हणून मूल अंगणात खाटेवर झोपलं तरी औषधी मच्छरदाणी तिथेही बांधायची. ती धुतली तर वाळवायची सावलीत, उन्हात तिच्यातलं औषध लवकर निकामी होतं.