‘सहा दिवसांत चित्रपट’: एडगर उल्मरच्या कामाची पार्श्वभूमी

हॉलिवूडचा दिग्दर्शक एडगर उल्मरचं नाव निघालं की १९४५ च्या ‘डीटूर’ची गोष्ट हमखास येते: ६ दिवस, २० हजार डॉलर आणि चित्रपट तयार. सहा दिवसांचं स्वतः उल्मरच सांगत असे. चित्रीकरणाच्या पटकथेवर मात्र कॅमेऱ्याचे १४ दिवस नोंदलेले आहेत आणि खर्च लाख डॉलरच्या आसपास गेला होता. हॉलिवूडच्या मानाने तीही किरकोळच रक्कम. पण सहा दिवसांच्या कौतुकात उल्मरची आखणी झाकली जाते, आणि त्याचं मोठेपण आखणीतच आहे.

जन्म १९०४, ओलोमोउत्स, आजच्या चेक प्रजासत्ताकात. व्हिएन्नात वाढला, नेपथ्याच्या कामातून पुढे आला. १९३४ मध्ये युनिव्हर्सलसाठी केलेला ‘द ब्लॅक कॅट’ चांगला चालला. त्याच सुमारास स्टुडिओचे मालक कार्ल लेमले यांच्या भाच्याची पत्नी शर्ली आणि उल्मर प्रेमात पडले, पुढे त्यांनी लग्न केलं. त्यामुळे मोठ्या स्टुडिओंची दारं बंद झाली. न्यूयॉर्कमध्ये यिडिश (युरोपातल्या ज्यूंची भाषा) आणि युक्रेनियन चित्रपट करून १९४२ पासून तो पीआरसी या सर्वांत खालच्या थरातल्या स्टुडिओत रमला.

तिथे कच्ची, म्हणजे चित्रीकरणासाठीची कोरी फिल्म मोजून मिळे. एका चित्रपटाला १५,००० फूट, असं त्याने पुढे मुलाखतीत सांगितलं. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट धावते, म्हणजे सुमारे १६६ मिनिटं. ‘डीटूर’ ६८ मिनिटांचा. प्रत्येक शॉटला सरासरी दोन टेक, तिसरा क्वचितच.

वेळ वाचवण्याची युक्ती सेटमध्येच बांधलेली असे. प्रत्येक सेटची एक भिंत तो कोरी ठेवी. दार नाही, खिडकी नाही. आधी सगळे नट दिसणारे मोठे शॉट उरकायचे. मग शेवटी त्या भिंतीसमोर एकेका नटाला उभं करायचं आणि सगळे क्लोज-अप एका दमात घ्यायचे: नजर कॅमेऱ्याच्या डावीकडे, मग उजवीकडे, पुढचा नट. यात धोका नजरेचा. समोरचा नट तिथे नसतोच, त्यामुळे दिशा जराशी चुकली तरी संकलनात दोन माणसं एकमेकांकडे बघतच नाहीत. हे टाळायचं तर अख्खं दृश्य कापलेल्या रूपात दिग्दर्शकाच्या डोक्यात आधीच हवं. नेपथ्यकार म्हणून घडलेल्या उल्मरला ते जमे.

‘डीटूर’मधलं रात्रीचं न्यूयॉर्क म्हणजे धुकं, दिवे आणि रस्त्यांच्या पाट्या. गाडीतले बरेच प्रसंग बॅक प्रोजेक्शनवर, म्हणजे उभ्या गाडीमागच्या पडद्यावर रस्त्याचं चित्रण दाखवून भागवलेत. लिफ्ट मागण्याच्या काही शॉटमध्ये निगेटिव्ह आरशातल्यासारखी डावी-उजवी उलटी छापली आहे. नायक पश्चिमेला निघालाय, तर पडद्यावर त्याने उजवीकडून डावीकडेच सरकायला हवं, हे त्यामागचं कारण मानलं जातं. परिणामी अमेरिकेतल्या गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने धावतात आणि स्टिअरिंग उजवीकडे दिसतं.

सहा दिवसांचा आकडा शोभतो तो १९५१ च्या ‘द मॅन फ्रॉम प्लॅनेट एक्स’ला. तिथे ‘जोन ऑफ आर्क’ या दुसऱ्या चित्रपटाचे उरलेले सेट धुक्यात बुडवून स्कॉटलंडची ओसाड जमीन उभी केली होती.

उल्मर १९७२ मध्ये वारला. ‘डीटूर’चा कॉपीराइट संपल्यामुळे पुढची कित्येक वर्षं झिजलेल्या, ओरखडे पडलेल्या प्रतीच टीव्हीवर आणि व्हिडिओवर फिरत राहिल्या. ब्रसेल्सच्या संग्रहातली बरी प्रत आधाराला घेऊन २०१८ मध्ये चित्रपट नव्याने दुरुस्त केला गेला. दिग्दर्शकाच्या गरिबीच्या खात्यावर मांडलेला कळकटपणा बराचसा त्या प्रतींचा होता, हे तेव्हा दिसलं.