ल्यूटन, मॉलीक्रॉफ्ट आणि छपरातून निसटणारी हवा

झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली मोटार म्हणजे मोटारहोम. तिच्या छपरावरच्या भागांना जी नावं पडली आहेत, त्यांच्याइतकी विचित्र नावं वाहनांच्या दुनियेत क्वचितच सापडतील. चालकाच्या डोक्यावर पुढे आलेला फुगवटा, ज्यात सहसा पलंग असतो, त्याला अमेरिकेत सरळ ‘कॅबओव्हर’ म्हणतात. ब्रिटनमध्ये मात्र तो ‘ल्यूटन’, जर्मनीत ‘अल्कोव्हन’, फ्रान्समध्ये ‘कापुसीन’ आणि इटलीत ‘मान्सार्दा’.

ल्यूटन हे इंग्लंडमधलं गाव. त्याचं नाव फुगवट्याला का चिकटलं, याची एक गोडशी गोष्ट सांगितली जाते. ल्यूटनमध्ये टोप्यांचा मोठा धंदा होता. टोप्या वजनाला हलक्या, पण जागा प्रचंड खातात. गाडी वजनाने भरायच्या आतच जागेने भरते, म्हणून केबिनच्या वरची रिकामी जागा वापरात आली आणि अशा गाड्यांना गावाचं नाव मिळालं. गोष्टीतला हिशेब अगदी बरोबर आहे. पण नाव पडायला टोप्यांची गरजच नव्हती. व्हॉक्सहॉल कंपनी १९०५ साली ल्यूटनला आली आणि १९३१ पासून तिचे बेडफर्ड ट्रक याच गावातून रस्त्यावर येऊ लागले. नाव पडायला एवढं पुरेसं आहे. गंमत म्हणजे टोप्यांचा हिशेब पलंगालाही लागू पडतो. झोपलेली माणसं जागेच्या मानाने हलकी, आणि गाडी धावत असताना तो पलंग रिकामा, त्यामुळे गाडीचा गुरुत्वमध्य फारसा वर सरकत नाही.

बाकीच्या नावांची मुळं चालकाच्या केबिनपासून बरीच लांब आहेत. अल्कोव्हन हा शब्द अरबी ‘अल-कुब्बा’, म्हणजे घुमट, यावरून स्पॅनिश आणि फ्रेंचमार्गे जर्मनीत पोचला. कापुसीनचं नातं डोक्यावर ओढायच्या टोपड्याशी आहे. मान्सार्दाच्या मागे फ्रांस्वा मांसार (१५९८–१६६६) हा फ्रेंच वास्तुविशारद उभा आहे. दुहेरी उताराचं छप्पर त्याच्या नावाने ओळखलं जातं. ते त्याने लोकप्रिय केलं, पण त्याच्या जन्माआधीच पिएर लेस्कोने लूव्रच्या राजवाड्यावर तसं छप्पर चढवलं होतं. फोक्सवॅगनच्या जुन्या व्हॅनला वेस्टफालिया कंपनी छपरात छोटं झाकण बसवून द्यायची, ते इंग्रजी बोलणाऱ्या शौकिनांमध्ये ‘पाणबुडीचं झाकण’ झालं. ते उघडलेलं पाहिलं की नावाचं कारण वेगळं सांगावं लागत नाही.

माझं सगळ्यात आवडतं नाव मात्र ‘मॉलीक्रॉफ्ट’. छपराचा मधला पट्टा लांबीभर उचलायचा आणि उचललेल्या भागाच्या दोन्ही बाजूंना बारीक खिडक्यांची रांग बसवायची, हा मॉलीक्रॉफ्ट. घोडे ओढत ती जत्रेवाल्यांची आणि जिप्सींची लाकडी घरं, जुने रेल्वे डबे आणि १९३० च्या दशकातल्या ब्रिटिश कॅराव्हॅन, या सगळ्यांवर अशी छपरं दिसतात. नाव ऐकून कुणा मॉलीबाईंची कहाणी रचायचा मोह होतो. तो टाळावा, कारण शब्दाचं मूळ पक्कं ठरलेलं नाही. रचना काय काम करते ते मात्र मोजून दाखवता येतं, आणि ते फार सुंदर आहे.

गरम हवा वर जाते, हे आपण शाळेत शिकतो. खरं तर ती आपण होऊन जात नाही, बाहेरची जड हवा तिला खालून रेटते. समजा, बाहेर २० अंश सेल्सियस आहे आणि आत ३०. एक चौरस मीटर पायाचा आणि दोन मीटर उंचीचा हवेचा स्तंभ बाहेर २.४ किलोच्या आसपास भरतो, आतला त्याहून सुमारे ८० ग्रॅमनी हलका. हा फरक म्हणजे पाऊण पास्कलपेक्षा किंचित जास्त दाब, वातावरणाच्या दाबाचा साधारण एक लाख तीस हजारावा हिस्सा. इतक्या चिमुकल्या दाबाने काय होणार, असं वाटेल. छपरात ४० सेंटिमीटर लांबी-रुंदीचं झाकण उघडलं आणि खाली जमिनीलगत तेवढीच फट ठेवली, तर कडांशी होणारी अडवणूक धरूनही सेकंदाला सुमारे ७५ लिटर हवा वाहते. मध्यम आकाराच्या मोटारहोममध्ये २५ घनमीटर हवा असते असं धरलं, तर ती सगळी पाच-सहा मिनिटांत बदलते.

यात अट एकच: खालूनही हवा आत यायला वाट हवी. आतल्या आणि बाहेरच्या दाबाचा आलेख उंचीनुसार काढला तर दोन्ही रेषा एका पातळीवर छेदतात. तिला उदासीन पातळी म्हणतात. तिच्या खाली बाहेरचा दाब जास्त म्हणून हवा आत येते, तिच्या वर आतला दाब जास्त म्हणून बाहेर जाते. दोन्ही वाटा सारख्या असतील तर ही पातळी जवळजवळ मधोमध असते. खालची वाट बंद केली की पातळी वर सरकून थेट झाकणात येते. मग त्या एकाच भोकातून हवेला आतही यावं लागतं आणि बाहेरही जावं लागतं, आणि प्रवाह पार मंदावतो. झाकण उघडूनही कोंदट का वाटतं, याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

मग मॉलीक्रॉफ्टने छप्पर उचलून काय मिळवलं? प्रवाह उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. दोन मीटरचे २.३ मीटर केले तर वाढ जेमतेम सात टक्के. खरी कमाई दुसरीकडे आहे. चुलीचा आणि तेलाच्या दिव्यांचा धूर डोक्याच्या वर साठायला जागा मिळते. खिडक्या उभ्या असल्याने रिमझिम पावसातही उघड्या ठेवता येतात. आणि त्या दोन्ही बाजूंना असल्याने वाऱ्याच्या आडोशाची बाजू निवडता येते. ही निवड फार मोलाची आहे. सेकंदाला पाच मीटर वेगाच्या साध्या वाऱ्याचा गतिज दाब १५ पास्कल असतो. त्याचा तिसरा हिस्सा जरी ओढ म्हणून आडोशाच्या खिडकीवर पडला, तरी तो तापमानाच्या फरकातून मिळालेल्या दाबाच्या सहापट होतो. उलट वाऱ्याच्या तोंडावरची खिडकी उघडली, तर धूर सरळ खाली खोलीत येतो.

‘विजेविना थंडावा’ म्हणून छपरावरचे फिरते पंखे विकणाऱ्या जाहिराती यासाठीच खटकतात. हवा कितीही वेगाने बदलली तरी आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा खाली जात नाही, कारण आत येते ती बाहेरचीच हवा. वायुवीजनाची खरी किंमत रात्री कळते. झोपलेला माणूस तासाला ४० ग्रॅमच्या आसपास वाफ सोडतो. दोघांची आठ तासांची वाफ अर्ध्या लिटरहून जास्त पाणी होते आणि थंड पत्र्यावर थेंबाथेंबाने जमते. दमट हवा जड असते हा समजही चुकीचा आहे. पाण्याच्या रेणूचा रेणुभार १८, कोरड्या हवेचा सरासरी २९. दमट हवा हलकी, म्हणून तीही छपराकडेच जाते.

स्वयंपाकाच्या गॅसचं मात्र उलटं आहे. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, ब्यूटेन दुप्पट. गळती झाली तर छपरावरची कोणतीही खिडकी, तिचं नाव काहीही असो, तो गॅस बाहेर काढणार नाही. त्यासाठी सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी भोकं ठेवलेली असतात. थंडी वाजते म्हणून ती चिंधीने बुजवू नका.